ठकूमावशीची गाळपेर

"ओ बाई! पाय उचलू नका! हाय तितंच ऱ्हावा!"

ठकूमावशी माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. बोलली कसली, ओरडलीच. लोणावळ्याच्या शाळेत मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. धावत्या पोराला नुसत्या आवाजाने जागच्या जागी उभं करणं हा माझा हातखंडा होता. माझ्यावरच कुणी तो प्रयोग करील असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मी एक पाय अर्धवट उचललेल्या अवस्थेत तळ्याच्या काठी उभी राहिले.

ती आली ती धावत नाही. पाऊल जेमतेम उचलत, जमिनीलगत सरकवत, नजर खाली ठेवून आली. साठीच्या पुढची, ठेंगणी, काष्टा घातलेली, डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेली बाई. माझ्या डाव्या बुटाशेजारी तिने हनुवटीने खूण केली. मला तिथे खडे दिसले.

"बघा की नीट."

मी नीट बघितलं. त्या खड्यांतले तीन खडे हळूहळू अंडी झाले. मातकट रंगाची, वर काळपट ठिपके. माझा बूट आणि ती अंडी यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

"आता आल्या वाटेनं मागं जावा. तुमच्याच पावलांवर पाय ठिवत." मी निमूटपणे गेले. बांधावर पोचल्यावर तिने माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं. "पाखरं बघाया आलाय व्हय? मग खाली बघत जावा. वरचं काय, वरचं समद्यांनाच दिसतं."

निवृत्त माणसाच्या हातात कुणी दुर्बीण दिली की तो पक्षितज्ज्ञ होतो. माझंही तसंच झालं होतं. लेकीने दुर्बीण पाठवली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि गावातल्या पाचसहा हौशी मंडळींनी मला त्यांच्या गटात घेतलं. लोकलने कान्ह्याला उतरायचं, फाट्यावरून जीप धरून आंदर मावळात शिरायचं, आणि शेवटची तीनेक किलोमीटर पायी. तिथे धरणाच्या फुगवट्याचं एक शांत टोक आहे, त्यालाच सगळे तळं म्हणतात. पावसाळ्यात ते भरून डोंगराच्या पायथ्याला टेकतं आणि संक्रांत झाली की मागे सरकायला लागतं. फाल्गुनात वर डोंगरावर पांगारा लालभडक होतो आणि खाली पाण्याने सोडलेला काळाभोर गाळ उघडा पडतो.

या गाळावर दोघांचा डोळा असतो. एक वस्तीतल्या सातआठ घरांचा. जमीन सरकारची असली तरी पाणी ओसरलं की परवानगीने ती त्यांना कसायला मिळते. तिथे काकडी, कलिंगड, भाजी करतात. याला गाळपेर म्हणतात. दुसरा डोळा पाखरांचा. टिटवी, पाणभिंगरी, सुरय, चिखल्या ही मंडळी घरटं म्हणून काही बांधतच नाहीत. उघड्या जमिनीवर टाचेएवढा खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची. नांगर धरायची वेळ आणि अंडी घालायची वेळ एकच. अशा जागी पाखरांच्या पिढ्याच्या पिढ्या टिकल्या कशा, याचं उत्तर म्हणजे ही डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बाई.

तिने पाखरांना स्वतःची नावं ठेवली होती. मी पुस्तक उघडून मोठ्या ऐटीत म्हटलं, "मावशी, याला नदी सुरय म्हणतात." ती म्हणाली, "म्हणत असत्याल. आमी काळटोपी म्हणतो. टोपी काळीच हाय न्हवं?" चिखल्याला ती तुरतुऱ्या म्हणायची. तो वाळूवरून कसा पळतो ते ज्याने बघितलंय त्याला दुसरं नाव सुचणारच नाही. चक्रवाकांच्या जोड्या थंडीत येतात आणि उन्हं तापली की उत्तरेला निघून जातात. त्यांच्या जाण्याचा दिवस तिला आदल्या संध्याकाळीच कळायचा. "आज खाण्यात ध्यान न्हाई त्यांचं. उद्या जात्याल." दुसऱ्या दिवशी तळं रिकामं असायचं. आमच्या गटातले एक सद्गृहस्थ याचं शास्त्रीय कारण शोधत होते. अजून शोधताहेत.

दुर्बिणीला तिने कधी डोळा लावला नाही. मी खूप आग्रह केला. ती म्हणाली, "त्यातनं येकच पाखरू दिसतं. तवर माझ्या बाकीच्यांकडं कोन बघनार?"

पाखरांवर तिचं प्रेम होतं म्हणावं तर तिच्या तोंडी त्यांच्यासाठी गोड शब्द मी कधी ऐकला नाही. एका टिटवीने भर गाडीवाटेच्या चाकोरीत अंडी घातली. मावशी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी. "अगं भवाने, येवढं तळं मोकळं पडलंय, आनि तुला हितंच कळा आल्या?" टिटवीनेही तितकंच सुनावलं. दोघींचं भांडण पाच मिनिटं चाललं. मग मावशी वस्तीत गेली आणि त्या दिवसापासून महिनाभर सगळ्या बैलगाड्या, मोटारसायकली आंब्याला वळसा घालून गेल्या. कुणी कुरकुर केली नाही. केली असती तर टिटवीला मिळालं तेच त्यालाही ऐकावं लागलं असतं.

तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तिने मला स्वतःहून सांगितली. मी विचारलं नव्हतं. काकड्या तोडता तोडता म्हणाली, "येका वर्षी म्या कावळ्यांना पत्ते वाटले."

झालं होतं असं. नांगराखाली अंडी जातात म्हणून तिने एका फाल्गुनात घरट्याघरट्याभोवती पांढऱ्या दगडांचं कडं मांडलं. लांबून दिसावं, नांगर धरणाऱ्याने वळसा घालावा. दोन दिवस राबून तिने सगळा काठ मांडला आणि तिसऱ्या दिवशी ती खुशीत आडवी झाली. पण डोमकावळा काही तिच्यापेक्षा कमी शहाणा नव्हता. पांढरं कडं दिसलं की मधे जेवण वाढलेलं असतं, हे त्याला एका घरट्यात कळलं. आठवड्याच्या आत सगळी कडी जागच्या जागी आणि आतली अंडी फस्त. "नांगरानं दोन गेली असती. म्या समदी घालवली," ती म्हणाली, आणि एवढं बोलून बराच वेळ काकड्याच तोडत राहिली.

पुढच्या वर्षी तिने रीत बदलली. घरट्याजवळ काहीच ठेवायचं नाही. साधाच एक दगड, पण तो दूर. दगडापाशी उभं राहायचं, तोंड गावदेवीच्या देवळाकडे करायचं आणि सात पावलं मोजायची. तिथे अंडी. कावळा दगडापाशी येऊन बसे आणि हात हलवत परत जाई. आता कावळ्याला हात नसतात हे मला माहीत आहे, पण मावशी सांगताना तसंच सांगायची.

यातही एक मेख होती. तिचा दीर नामदेव सहा फुटी गडी. नांगर त्याच्याच हातात. पहिल्या वर्षी त्याने आपली सात पावलं मोजली आणि अंड्यांच्या पार पलीकडे जाऊन उभा राहिला. नशीब, वाटेत पाय पडला नाही. तेव्हापासून ठरलं की पावलं ठकूची धरायची. हा मिशाळ, धिप्पाड माणूस नव्या नवरीसारखी इवलीइवली पावलं टाकत गाळातून जाताना मी बघितला आहे. एकदा मी हसले. तो थांबून गंभीरपणे म्हणाला, "बाई, हसू नका, मोजनी चुकती." मीही एक आधुनिक उपाय सुचवला होता. मोबाईलवर प्रत्येक घरट्याची जागा नोंदवायची. नोंदवून बघितली, तर मोबाईलच्या मते आम्ही दोघी भर पाण्यात उभ्या होतो. तो विषय तिथेच बुडाला.

आता मला माझी चूक सांगायला हवी. मावशीने तिची सांगितली, मग मी कशी लपवू?

आमच्या गटाने ठरवलं की हा काठ पाखरांसाठी राखीव व्हावा. हेतू चांगलाच होता. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडची गर्दी आता इकडेही सरकायला लागली होती. वनखात्याला अर्ज लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी शुद्ध. मी तो जीव ओतून लिहिला. एक वाक्य मला फारच आवडलं होतं: 'विणीच्या हंगामात काठावरील मानवी वावर पूर्णतः बंद करण्यात यावा.' अर्ज रवाना झाल्यावर त्याची प्रत घेऊन मी मावशीकडे गेले आणि तिच्या ओट्यावर बसून खणखणीत आवाजात वाचून दाखवली. शाबासकीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

तिने वालाच्या शेंगा सोलायचं थांबवलं. "मानवी म्हंजी कोन? आमीच न्हवं?"

"म्हणजे... तसं..."

"आनि कुत्री? ती काय मानवी न्हाईत. ती येत्याल की." मग पुन्हा शेंग उचलून, "कावळं बी न्हाईत. मोकाट गुरं बी न्हाईत. समद्यांना मोकळीक, आनि बंदी फकस्त आमाला."

बत्तीस वर्षं मी मुलांना नकाशात गावं दाखवली, आणि या काठाच्या नकाशात माणसं दाखवायचीच विसरले. ती रोज उजाडता काठावर जाते म्हणून कुत्री येत नाहीत. गाळपेर असते म्हणून गुरं तिकडे सोडत नाहीत. वाफ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत गवत माजत नाही, म्हणूनच तर पाखरांना ती जागा आवडते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी दुर्बिणीतून एकच पाखरू बघत होते.

मी गटातल्या लोकांना सांगितलं. ते म्हणाले, आता पाहणी होईल, जे काय ते साहेबांसमोर मांडा. पाहणीत साहेबांनी 'वावर बंद' असं लिहिलं की सातआठ घरांची गाळपेर जाणार होती, आणि घरट्यांची राखणदारीण कुंपणाबाहेर उभी राहणार होती. ठकूमावशी यावर एकच बोलली. "येऊ द्या सायबाला. डोळं असत्याल की त्याला."

गेल्या वर्षीच्या चैत्रात साहेब आले. तरुण होते, वागायला नम्र, हातात कागद लावलेली फळी. आमच्या गटाने बांधावर मोठी दुर्बीण उभी केली. तासभर बघून सगळ्यांनी मिळून घरटी मोजली, ती अकरा भरली. साहेब म्हणाले, "अकराच असतील तर त्यांना जपलंच पाहिजे. वावर थांबवणं हाच सुरक्षित मार्ग दिसतो."

"अकरा?" मावशी मागून म्हणाली. "सायेब, येकतीस हायत."

आमच्यातले दोघे हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या भुवया वर गेल्या. मावशी म्हणाली, "चला, दावते."

आणि ती आम्हाला घेऊन गाळात उतरली. एकामागे एक अशी रांग. पुढे ती, मग नामदेव, मग साहेब, शेवटी मी. दगड आला की देवळाकडे तोंड, सात पावलं, आणि ती हनुवटीने दाखवायची. एक. दुसरा दगड, सात पावलं, दोन. एकही चुकलं नाही. साहेब वाकून बघायचे आणि फळीवर खूण करायचे. चार झाली, सहा झाली, नऊ झाली. माझ्या अंगात उत्साह संचारला होता. आता एकतीस दाखवून होतील आणि बांधावरची मंडळी तोंडात बोट घालतील, असं मनात म्हणत होते.

नवव्या घरट्यापाशी मावशी थांबली. डोक्यावर पाणभिंगऱ्या आणि टिटव्यांनी आकांत मांडला होता. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा उन्हाकडे.

"बास. चला मागं."

"का? अजून बावीस राहिली की," साहेब म्हणाले.

"ऊन चढलं. आपुन हितं हाय तवर त्या खाली बसनार न्हाईत. अंडी भाजत्याल."

"मावशी, दहाच मिनिटं," मी मधे बोलले. माझ्याच्याने राहवलं नाही.

"मला बाकीची मोजल्याशिवाय लिहिता येणार नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "कागदावर नऊच येतील."

"मग नऊ लिवा," ठकूमावशी म्हणाली, आणि आल्या पावली मागे वळली.

तिची जमीन जायची होती. तिच्या दिराची, शेजाऱ्यांची जायची होती. बावीस दगड अजून समोर पडलेले होते, आणि तिने दहा मिनिटं दिली नाहीत. मला तेव्हा तिचा इतका राग आला की काय सांगू. आज तोच क्षण आठवून माझी मान ताठ होते.

आम्ही सगळे आंब्याखाली जाऊन बसलो. मावशीने सगळ्यांना तांब्यातून पाणी दिलं आणि स्वतः बांधावर टेकली. हळूहळू वरचा गोंगाट कमी झाला. एक टिटवी उतरली, चार पावलं चालली आणि पिसं फुलवून खाली बसली. मग दुसरी. मग भिंगऱ्या, एकेक करून. साहेब सावकाश उठले. त्यांनी फळी हातात घेतली आणि प्रत्येक पाखरू जिथे बसेल तिथे ते खूण करू लागले. मघाशी आम्ही बांधावर उभे होतो तेव्हा आमच्या चाहुलीनेच निम्म्याहून जास्त पाखरं उठलेली होती. आता त्यांना आमची भीती उरली नव्हती, आणि त्यांचा त्यांनीच हिशेब दिला. साहेबांची खूण एकोणतीसवर थांबली.

"एकोणतीस," ते म्हणाले. "हीही पुष्कळ आहेत."

"दोघी पोट भिजवाया गेल्यात पान्यावर," मावशी म्हणाली. "वल्ल्या पोटानं बसलं की अंडी गार ऱ्हात्यात. येत्याल."

आम्ही वाट बघितली. पाच मिनिटांत पाण्याकडून दोन टिटव्या आल्या, एक आमच्या डावीकडे बसली, एक पार पलीकडे वाळक्या झुडपापाशी. साहेबांनी दोन खुणा केल्या. मग त्यांनी मावशीकडे बघून विचारलं, "कुंपण घातलं तर?"

"घाला की. पन मग फाल्गुनापासनं जेठापातुर कुत्री हाकलाया तुमी हितं ऱ्हावा. भाकरी आमी देऊ."

साहेब मोकळेपणाने हसले. जाताना म्हणाले की निर्णय वरून होईल, तोवर आहे तसं चालू द्या. त्यांच्या मागे गटातली मंडळी गेली. बांधावर हसलेले ते दोघे जाताना मावशीला वाकून नमस्कार करून गेले. तिला त्याचं कारण कळलं नसावं.

वर्षभर कागद आला नाही. तो आला यंदाच्या चैत्रात, आणि योगायोगाने मी त्या दिवशी वस्तीतच होते. त्यानंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तळ्यावर जाऊ शकलेले नाही. तिच्या काकड्या मात्र जीपवाल्यासोबत येतात. तेव्हा तिला मी शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी.

सरपंचांनी ग्रामपंचायतीत कागद वाचला. काठ राखीव. कुंपण नाही. गाळपेर कसणाऱ्या घरांचा हक्क कायम, आणि घरट्यांच्या खुणा वस्तीच्या रीतीनेच करायच्या. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. नामदेव कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत होता. ठकूमावशी तेवढी नव्हती. मी कागद मागून घेतला आणि गुडघ्याची पर्वा न करता काठाकडे निघाले.

ती तिच्या काकडीच्या वाफ्याशी उन्हात मांडी घालून बसली होती. शेजारी पाण्याने भरलेल्या दोन कळशा. सगळा वाफा हिरवा होता, फक्त मधल्या दोन ओळी पिवळ्या पडलेल्या. त्या दोन ओळींच्या मधे टिटवी बसली होती. पाणी घालायला गेलं की ती उठणार, म्हणून मावशीने महिनाभर त्या वेलांना पाणीच दिलं नव्हतं. दोन-चार वेल कसेबसे जीव धरून होते.

"मावशी, कागद आला!" मी लांबूनच ओरडले.

तिने मागे न बघता तळहात वर केला. मी गप्प झाले आणि तिच्याशेजारी कशीबशी टेकले.

"तीन फुटली," ती कुजबुजली. "येक ऱ्हायलंय."

"गाळपेर राहिली," मीही कुजबुजले. "कुंपण नाही. सगळं तुम्ही म्हणाल तसं."

"बरं," ती म्हणाली. नजर तिथेच.

आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, माझा पाय दोनदा बधिर झाला. मग टिटवी उठली, दोन पावलं पुढे जाऊन हलकेच बोलली. तिच्या पोटाखालून तीन पिल्लं लांबलांब पाय टाकत निघाली. चौथं ओलं होतं. ते उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. मावशीने श्वास धरला होता. मीही धरला होता. ते आणखी एकदा पडलं आणि मग जे उठलं ते थेट आईच्या मागे पळत गेलं, वाफा ओलांडून, पाण्याकडे.

ठकूमावशीने टॉवेलने तोंड पुसलं आणि उठली. भरलेली कळशी उचलून ती पिवळ्या ओळीत शिरली, आणि वेलांच्या मुळाशी पाणी ओतता ओतता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हां, आता वाचा. सावकाश वाचा. समदं ऐकायचंय मला."

मी उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.